शेवटाचा अनुवाद

नव्या कराराच्या अखेरीस येणाऱ्या 'प्रकटीकरण' या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात एक विलक्षण प्रसंग आहे. द्रष्टा योहान एका बलवान देवदूताच्या हातातली लहानशी गुंडाळी मागून घेतो आणि आज्ञेप्रमाणे ती खाऊन टाकतो. तोंडात ती मधासारखी गोड लागते. पोटात गेल्यावर मात्र कडू होते. हा प्रसंग मुळात योहानाचा नव्हे. त्याच्या सुमारे सातशे वर्षे आधी, बाबेलच्या हद्दपारीत, यहेज्केल या संदेष्ट्याने अशीच एक गुंडाळी खाल्ली होती. तिच्या दोन्ही अंगांना विलाप आणि आकांत लिहिलेला होता, आणि तरीही ती त्याला गोडच लागली होती. पोटातल्या कडवटपणाचा उल्लेख यहेज्केलाच्या कथनात नाही. तो योहानाने घातला. त्याच्या ग्रंथाविषयी जे म्हणण्याजोगे आहे त्यातले बरेचसे या लहानशा भरीत सामावले आहे.

पूर्वग्रंथ वाचणे, सांगणे, त्यावर भाष्य करणे या क्रियांमध्ये ग्रंथ आणि वाचक यांच्यात काही अंतर राहते. खाण्यात ते राहत नाही. खाल्लेले अन्न पुन्हा अवतरणचिन्हांत ठेवून दाखवता येत नाही. ते अंगी लागते किंवा बाधते. प्रकटीकरणात २२ अध्याय आणि ४०० हून थोडी अधिक वचने आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक वचनांत हिब्रू धर्मग्रंथांचा कोणता ना कोणता निर्देश अभ्यासकांना आढळतो. नेमका आकडा गणनेगणिक बदलतो, कारण निर्देश कोठे संपतो आणि भाषेची मुरलेली सवय कोठे सुरू होते हे ठरवणे अवघड आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. आपण शास्त्रातले वचन उद्धृत करीत आहोत, असे योहान एकदाही म्हणत नाही. मत्तय हे पदोपदी सांगतो, पौलही सांगतो. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरान येथे जी हस्तलिखिते हाती आली त्यांत हबक्कूक या संदेष्ट्यावरचे एक भाष्य आहे. त्याची पद्धत अशी की आधी मूळ वचन द्यायचे आणि मग त्याचा अर्थ आपल्या काळाला लावायचा. मराठी वाचकाला ही पद्धत परिचयाची आहे. श्लोक पुढे ठेवून ओवी बोलणारी ज्ञानेश्वरी त्याच्या कानात असते. योहानाजवळ श्लोकही नाही आणि ओवीही नाही. त्याच्याजवळ एकच क्रियापद आहे, पुन्हा पुन्हा येणारे: त्याने पाहिले.

येथेच आधुनिक वाचक अडखळतो. त्याने पाहिले की वाचले? दर्शनातला प्रत्येक तपशील जर यशया, यहेज्केल, दानीएल आणि जखऱ्या यांच्याकडून आला असेल तर ते दर्शन खरे कसे मानावे? या प्रश्नामागे अनुभव आणि संहिता यांना परस्परविरोधी मानणारी एक रोमँटिक समजूत आहे. अनुभव आधी घडतो आणि शब्द नंतर येतात, उसने शब्द आले की अनुभवही उसना ठरतो, असे ती समजूत मानते. परंतु ज्या समाजाचे मंदिर जळून गेले आहे आणि हाती केवळ गुंडाळ्या उरल्या आहेत, त्या समाजात वाचन हाच पाहण्याचा एक मार्ग असू शकतो. दानीएलाच्या नवव्या अध्यायात दानीएल दर्शनाआधी काय करीत होता हे स्पष्ट सांगितले आहे. तो ग्रंथ वाचत होता. यिर्मयाने सांगितलेल्या सत्तर वर्षांचे कोडे त्याला पडले होते, आणि त्याला मिळालेले उत्तर म्हणजे त्याच सत्तर या संख्येचे नवे वाचन होते. द्रष्टा होण्यापूर्वी दानीएल वाचक आहे. योहानही आहे.

संहितांमधल्या या नात्याला क्रिस्तेव्हा यांनी १९६० च्या दशकात जे नाव दिले ते आता मराठी समीक्षेत 'आंतरसंहितात्व' म्हणून रूढ झाले आहे. बायबलच्या अभ्यासात मात्र त्याहून साधा शब्द अधिक उपयोगी पडला. जॉन हॉलंडर यांनी १९८१ मध्ये इंग्रजी काव्याच्या संदर्भात प्रतिध्वनीची संकल्पना मांडली, आणि रिचर्ड हेज यांनी १९८९ मध्ये ती पौलाच्या पत्रांना लावली. प्रतिध्वनीचे वैशिष्ट्य असे की तो मूळ आवाजाचा केवळ काही अंश परत आणतो. उरलेला अंश ऐकणाऱ्याने आपल्या स्मृतीतून भरून काढायचा असतो. स्मृतीच नसेल तर प्रतिध्वनी हा मूळ आवाजच वाटतो. प्रकटीकरणाच्या वाचनाचा इतिहास हा बव्हंशी या दुसऱ्या प्रकारच्या ऐकण्याचा इतिहास आहे.

प्रतिध्वनी किती खोलवर गेला आहे याचे एक उदाहरण व्याकरणाचे आहे. योहानाचे ग्रीक सदोष आहे, अशी तक्रार अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसिअस याने तिसऱ्या शतकातच केली होती. पहिल्याच अध्यायात, 'पासून' या अर्थाच्या अव्ययानंतर जेथे विभक्ती बदलायला हवी, तेथे योहान देवाचे नाव प्रथमेतच ठेवतो. लगेच पुढे तेच अव्यय तो बिनचूक वापरतो. तेव्हा नियम त्याला ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. ते नाव निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायातले आहे, जळत्या झुडपातून मोशेला सांगितलेले, आणि ग्रीक भाषांतरात ज्या रूपात आले त्याच रूपात योहान ते ठेवतो. नामाला विकार होऊ द्यायचा नाही म्हणून त्याने व्याकरण मोडले असावे. यात अडाणीपणा पाहणाऱ्याला त्या वाक्यातला ध्वनी ऐकू आला नाही, इतकेच म्हणावे लागते.

परंतु खरा प्रश्न अंतिम न्यायाचा आहे. सहाव्या अध्यायात कोकरा सहावी मुद्रा फोडतो आणि विश्व कोसळू लागते. सूर्य काळा पडतो आणि चंद्र रक्तासारखा होतो: हे योएलाचे. अंजिराच्या झाडावरून कच्ची फळे गळावीत तसे तारे गळतात, आकाश गुंडाळीसारखे गुंडाळले जाते: हे यशयाच्या चौतिसाव्या अध्यायातले. राजे आणि सरदार गुहांत आणि खडकांत लपतात: हेही यशयाचेच, पण दुसऱ्या अध्यायातले. डोंगरांनी आपल्यावर पडून आपल्याला झाकावे अशी विनवणी ते करतात: हे होशेयाचे. जेमतेम सहा वचनांत तीन संदेष्ट्यांचे चार आवाज मिसळले आहेत, आणि त्यांची सांधेजोड इतकी बेमालूम आहे की हे सारे एकाच दृष्टीला एकाच क्षणी दिसले असे वाटावे.

आता हे आवाज मुळात कशाविषयी बोलत होते ते पाहावे. यशयाचे गुंडाळले जाणारे आकाश अदोम या शेजारच्या राज्याविषयीच्या शापवाणीत येते. होशेयाची विनवणी शोमरोनातल्या लोकांची आहे, इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने जे राज्य बुडवले त्याच्या राजधानीच्या तोंडची. योएलाचा काळवंडलेला सूर्य एका टोळधाडीच्या कथेत येतो. टोळधाड म्हणजे काय हे कृषिप्रधान समाजाला वेगळे सांगावे लागत नाही: आधी दिवसा अंधारून येते आणि मग शेतात काही उरत नाही. यशयाच्या तेराव्या अध्यायातही तारे प्रकाश देणे थांबवतात. तो अध्याय बाबेलविषयी आहे. त्या बाबेलमध्ये इ. स. पू. ५३९ मध्ये कोरेशचे सैन्य शिरले तेव्हा शहराचा मोठा विध्वंसही झाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नित्याप्रमाणे उगवला. संदेष्ट्याच्या श्रोत्यांना त्यात काही विपरीत वाटण्याचे कारण नव्हते. एखादे राज्य पडते तेव्हा त्या राज्यातल्या माणसाचे आकाश पडते, ही त्या काव्याची रीत होती.

म्हणजे शेवटच्या न्यायाची ही भाषा अनेक न-शेवटच्या न्यायांच्या भाषेतून घडलेली आहे. अदोमचा शेवट, शोमरोनचा शेवट, सोरचा, बाबेलचा, एका हंगामातल्या पिकाचा शेवट: या प्रत्येक शेवटानंतर कोणीतरी मागे उरले, आणि त्याने तो लिहून ठेवला. योहान हे सारे शेवट एकत्र ओततो आणि त्यातून जगाचा शेवट बनवतो. पण ज्याला मूळ आवाज ऐकू येतात त्याला या शेवटातही ते उरलेले लोक ऐकू येतात. अंतिमत्वाला प्रतिध्वनीने असा सुरुंग लावलेला असतो, योहानाची इच्छा असो वा नसो.

सोर या नगरीची गोष्ट या संदर्भात विशेष बोलकी आहे. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात 'बाबेल' पडते. हे नाव रोमचे आहे. पहिले मंदिर बाबेलने जाळले आणि इ. स. ७० मध्ये दुसरे रोमने, म्हणून नावच प्रतिध्वनी झाले. तिच्यासाठी राजे, व्यापारी आणि खलाशी जो शोक करतात तो मात्र बाबेलविषयीचा नाही. तो यहेज्केलाने सोर या समुद्रतीरावरच्या व्यापारी नगरीसाठी रचलेला विलाप आहे. यहेज्केलाने त्या नगरीची कल्पना एका देखण्या जहाजाच्या रूपात केली, त्यात देशोदेशीचा माल भरला आणि मग ते भर समुद्रात बुडवले. योहानाची मालाची यादी त्याच धर्तीची आहे: सोने, रत्ने, मोती, जांभळे वस्त्र, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, द्राक्षारस, गहू, गुरे, घोडे. यातल्या काही वस्तू हिंदी महासागरावरून रोमकडे जात होत्या, हे येथे सहज आठवते. यादीच्या शेवटी माणसे येतात. शरीरे आणि माणसांचे जीव. 'माणसांचे जीव' हा शब्दप्रयोगही यहेज्केलाचाच, पण त्याच्या यादीत तो मध्येच, पितळी भांड्यांच्या शेजारी येऊन जातो. योहानाने तो उचलून अगदी शेवटी ठेवला. रोमच्या वैभवावर याहून कठोर टीका त्याच्या ग्रंथात क्वचितच असेल, आणि ती केवळ क्रम बदलून साधली आहे.

भाषांतरात ही टीका सहज हरवते. यहेज्केलात 'गुलाम' आणि प्रकटीकरणात 'जीव' असे दोन शब्द योजले की सांधा निखळला. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. दोन्ही करार एकाच व्यक्तीच्या हातून मराठीत येणे या गोष्टीकडे भक्तीच्या किंवा चरित्राच्या अंगाने पाहिले गेले. प्रतिध्वनीच्या अंगाने ते अभ्यासण्याजोगे आहे.

सोरच्या विलापाला आणखी एक पदर आहे. नबुखद्नेस्सर सोरचा विध्वंस करील असे यहेज्केलाने सांगितले होते. वेढा दीर्घकाळ चालला. जोसेफसच्या मते तेरा वर्षे. सोर त्या प्रकारे उद्ध्वस्त झाली नाही. आणि यहेज्केलाच्याच ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात ते मान्य केलेले आहे: सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, पण श्रमाचे मोल पदरात पडले नाही, म्हणून त्या राजाला मोबदला म्हणून मिसर देण्यात येईल. आपल्याच पूर्वीच्या वाणीला शेजारी बसवून तिच्यात दुरुस्ती करणारी ही वाणी जागतिक धर्मवाङ्मयात दुर्मीळ म्हणावी लागेल. दानीएलाच्या शेवटीही एक संख्या १२९० दिवसांची आहे आणि तिच्या पुढच्याच वचनात १३३५ दिवसांची. ठरलेला दिवस उलटून गेल्यावर कोणीतरी ही दुसरी संख्या जोडली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पहिली संख्या कोणी खोडली नाही. विल्यम मिलरच्या अमेरिकन अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी जगाच्या अंताची वाट पाहिली ती दानीएलातल्याच एका संख्येवरून. त्यांच्यापाशी श्रद्धेची वाण नव्हती. ज्या ग्रंथावर त्यांनी हिशेब मांडला, त्याने स्वतःचा हिशेब दोनदा मांडून ठेवला होता, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली.

प्रतिध्वनी ऐकल्याने सारे सौम्य होते असे मात्र नाही. डी. एच. लॉरेन्स यांच्या 'अपोकॅलिप्स' या मृत्यूनंतर १९३१ मध्ये निघालेल्या पुस्तकात या ग्रंथाविषयीचा संताप आहे. दुबळ्यांच्या मनातली सत्तेची आणि सूडाची भूक येथे धर्म होऊन बसली आहे, असे त्यांना वाटले. प्रार्थनामंदिरातल्या बालपणापासून हा ग्रंथ त्यांच्या कानांवर पडत होता, म्हणून त्या संतापाला वजन आहे. आणि पूर्वग्रंथ शेजारी ठेवला तर त्यांचे म्हणणे काही ठिकाणी अधिकच खरे ठरते. यशयाच्या सोळाव्या अध्यायात मवाबाच्या, म्हणजे शत्रूच्या, नाशाविषयी बोलताना संदेष्ट्याचे अंतःकरण रडते. योहानाच्या ग्रंथात बाबेलसाठी रडतात ते तिचे लाभार्थी. स्वर्गात मात्र आनंदोत्सव होतो. टोळांचेही असेच. योएलाच्या टोळांनी पीक खाल्ले. योहानाच्या टोळांना गवताला आणि झाडांना धक्का लावण्याची मनाई आहे, त्यांना माणसेच छळायची आहेत. शेतकऱ्याचे संकट येथे यातनांचे यंत्र झाले.

त्याहूनही जड प्रश्न तिसऱ्या अध्यायातला आहे. सियोनला छळणाऱ्यांचे वंशज येऊन तिच्या पायाशी लोटांगण घालतील असे आश्वासन यशयाच्या साठाव्या अध्यायात आहे. ते हद्दपारीने खचलेल्या यहुद्यांसाठी होते. योहान तेच चित्र फिलदेल्फिया येथील मंडळीसाठी वापरतो, पण लोटांगण घालणारे आता तेथले यहुदी आहेत, आणि त्यांच्या सभास्थानाला तो सैतानाचे म्हणतो. योहान स्वतः यहुदी होता, इ. स. ९५ च्या सुमारास ही भाऊबंदकी होती, आणि भाऊबंदकीतली भाषा किती विखारी असते हे कोणालाही ठाऊक आहे. पुढे घर वेगळे झाले, एका भावाच्या हाती साम्राज्य आले, आणि तेच शब्द दुसऱ्याच्या विरुद्ध शतकानुशतके वापरले गेले. एखाद्याचे सांत्वन उचलून त्यालाच त्यातला पराभूत करणे, हे प्रतिध्वनीच्या सामर्थ्यात बसते. ज्या ग्रंथसंग्रहाला 'जुना' म्हटले की तो आपोआप प्रस्तावना ठरतो, त्याच्या बाबतीत हे अधिक सोपे होते.

योहानाने आपल्या ग्रंथाच्या शेवटी एक ताकीद दिली आहे: यात कोणी भर घालू नये, यातून काही काढू नये. हा निर्बंधही त्याचा नव्हे. तो मोशेच्या नियमशास्त्रातल्या पाचव्या ग्रंथातून आला आहे. तेथे तो आज्ञांविषयी आहे, येथे दर्शनाविषयी, आणि मूळ निर्बंधात नसलेली शिक्षा योहान त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका जागेवरून आणून जोडतो. भर न घालण्याची आज्ञा भर घालून सांगितली आहे. मराठी बायबलमध्ये त्या पाचव्या ग्रंथाचे नाव 'अनुवाद' असे आहे. मोशे जुनी आज्ञा पुन्हा सांगतो म्हणून. मीमांसकांच्या परिभाषेत विधी म्हणजे पूर्वी अज्ञात असलेले विधान आणि अनुवाद म्हणजे अन्यत्र ज्ञात असलेल्याचे पुनर्कथन. अनुवादाला स्वतंत्र प्रामाण्य नसते. तो आधीच्या वचनाकडे बोट दाखवतो. योहानाचा ग्रंथ आपल्या प्रत्येक वाक्यात अनुवाद आहे आणि आपल्या सुरात विधी. दानीएलाला ग्रंथ मुद्रित करून ठेवण्याची आज्ञा होती. योहानाला तो उघडा ठेवण्याची. इतका उघडा ग्रंथ आपल्यानंतर कोणी भर घालणार नाही अशी अपेक्षा धरतो, यात एक प्रकारचे भाबडेपण आहे.

ख्रिस्ती बायबल प्रकटीकरणाने संपते. हिब्रू बायबल तसे संपत नाही. परंपरेने चालत आलेल्या क्रमात दानीएल संदेष्ट्यांत नाहीच. तो 'लेख' या तिसऱ्या विभागात बसतो, आणि त्या विभागाचा शेवटचा ग्रंथ मराठीत 'इतिहास' या नावाने ओळखला जातो. त्याचे अखेरचे वाक्य कोरेश राजाची घोषणा आहे: हद्दपार लोकांपैकी ज्याला इच्छा असेल त्याने वर यरुशलेमेस जावे. जाणाऱ्याचे पुढे काय झाले ते तेथे सांगितलेले नाही.

यशयाच्या ग्रंथाचा शेवट मात्र भयंकर आहे. बंडखोरांची प्रेते, न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी यांनी तो संपतो. नंतरच्या काळातल्या नरकाच्या बऱ्याच चित्रांचे मूळ तेथे आहे. सभास्थानात हा अध्याय वाचताना एक जुनी रीत पाळली जाते. अखेरचे वचन वाचून झाल्यावर वाचक थांबत नाही. तो एक वचन मागे जातो, आणि एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत, एका शब्बाथापासून दुसऱ्या शब्बाथापर्यंत साऱ्या देहधाऱ्यांच्या येण्याविषयी जे तेथे आधी सांगून झाले आहे, ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचतो.